कॉपिनचं स्टूल

कॉपिन्स फ्लॅट गाव, सोमवार, २ मार्च १९३६

पोचले एकदाची! गाडीला उशीर, वर धूळ आणि पाकोळ्यांसारख्या माश्या, पण मन इतकं खूश की स्टेशनवर उतरताना चक्क गुणगुणत होते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, विधवा बाईला, या मंदीच्या दिवसांत नोकरी! वर राहायला खोली! बेंडिगोची माझी जाऊ म्हणत होती की त्या ओसाड गावात जाऊन काय माश्या मारणार. मारीन की. माझ्या स्वतःच्या माश्या मारीन.

घ्यायला स्वतः ऑब्री कॉपिन आले होते. गावच्या कमिटीचे अध्यक्ष, गाव वसवणाऱ्या जोसाया कॉपिनचे नातू. गोरेपान, गुबगुबीत, बोलायला गोड. सबंध वाटभर माझ्या कानाशी ओरडत होते. त्याला कारण आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'कमी ऐकू येणाऱ्यास प्राधान्य' असं छापलं होतं. मला वाटलं, काय दयाळू लोक! म्हणून अर्जात ठोकून दिलं की मला डाव्या कानाने ठार आणि उजव्याने बेताचं ऐकू येतं. आता निस्तरते आहे. दर वाक्याला 'काय म्हणालात?' करून जीव आंबला.

काम म्हणजे जोसायाच्या जुन्या दगडी घरातलं संग्रहालय सांभाळायचं आणि या महिन्याअखेर गावाला ऐंशी वर्षं पुरी होतायत, त्यासाठी ते नीट मांडून द्यायचं.

बुधवार, ४ मार्च

दोन दिवस झटकणं, पुसणं, चिठ्ठ्या लावणं. या गावाला थोरामोठ्यांची भारी हौस. एक गव्हर्नर दाढ दुखते म्हणून इथे एक रात्र राहिला, तर त्याची खुर्ची दोरी बांधून ठेवली आहे. एका प्रसिद्ध गायिकेची आजी इथे कपडे धुवायची. तिचा धोपटण्याचा दांडा काचेत. हायकोर्टाचा एक न्यायाधीश बेकरीच्या मागच्या खोलीत जन्मला, त्याचा तर बाळंतविडा मांडायचाच काय तो राहिला आहे.

आणि मधोमध जोसाया. हा भला मोठा तैलरंगातला. खाली लिहिलंय की १८५६ साली त्याच्या घोड्याच्या टापेने दगड उलटला आणि खाली सोनं चमकलं. घोड्याचंही चित्र आहे. मी खाणवाल्यांच्या घरात वाढले. इतक्या गावांत इतक्या घोड्यांनी सोनं शोधलंय की माणसं नुसती वर बसून होती असं वाटावं.

जेवण हॉटेलात, मिसेस कर्स्लेककडे. बाई सत्तरीची, जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी मला 'अगं थर्झा' म्हणायला लागली. तिच्यासमोर बहिरेपणा टिकला नाही. चमचा पडला आणि मी वळून पाहिलं. मिसेस कर्स्लेक हसली नाही, हे मात्र मला चमत्कारिक वाटलं. म्हणाली, अगं, ऐकू येत असलं तरी येत नाही म्हणायचं बरं, या गावात.

शुक्रवार, ६ मार्च

आज माझ्या नोकरीतलं सर्वांत सुखाचं काम कळलं. बसणं!

मागच्या खोलीत फरशीत लोखंडी झाकण आहे, खाली जुनी खाणीची विहीर. वर अजून रहाट उभा आहे. झाकणाच्या मधोमध लाकडी स्टूल बोल्टांनी पक्कं केलंय. रोज दुपारचं जेवण झालं की संग्रहालय सांभाळणाऱ्याने तिथे थोडा वेळ बसायचं. ऑब्रींनी कानाशी ओरडून समजावलं: जुन्या खाणकायद्यात जो आपल्या जागेवर रोज हजर नसेल त्याची जागा गेली, दुसरा कोणी येऊन कुदळ रोवू शकतो. म्हणून आजोबा रोज बसायचे, म्हणून अजून कोणीतरी बसतं. गावाची गंमत आहे, म्हणाले. माझ्याआधीचे हॉस्किन सव्वीस वर्षं बसले. ते जन्मतः बहिरे होते.

बसले. दुपारची पेस्टी, मांस-बटाट्याची करंजीच ती, तिथेच खाल्ली. छान गार वाटतं.

मंगळवार, १० मार्च

आज एक झालं.

बसले होते, विणकाम हातात. खालून ठोके आले. तीन, सावकाश, दगडावर हातोडी मारावी तसे. आणि माझ्या टाचेने आपोआप झाकणावर तीन ठोके परत दिले.

हे लिहूनच ठेवते, कारण मलाच हसू येतंय. माझे वडील बेंडिगोला सोन्याच्या खाणीत रहाटावर होते. तीन ठोके म्हणजे 'माणूस दोरीला आहे, वर ओढा'. वरच्याने आधी तेच ठोके परत द्यायचे, म्हणजे खालच्याला कळतं की ऐकलं. मग ओढायचं, आणि तो वर येईपर्यंत थांबायचं नाही. आम्ही पोरं जेवणाच्या टेबलावरसुद्धा कोणी तीनदा ठोकलं तर तीनदा ठोकायचो. हाताला, पायाला सवय.

मग लक्षात आलं की खाली कोण असणार! पाणी असेल. लाकडं मोडत असतील.

पण उत्तर दिल्यावर खाली एकदम शांत झालं. ऐकणारा माणूस शांत होतो तसं.

गुरुवार, १२ मार्च

आज ठोके जवळून आले. स्टूल मांडीखाली थरथरलं. मी उत्तर दिलं नाही. पाय दोन्ही वर घेऊन बसले. मग बराच वेळ तेच तीन, तेच तीन. चिडून नाही. ज्याला शब्द दिलाय त्याने आठवण करावी तसे.

शुक्रवार, १३ मार्च

ऑब्रींना सांगितलं. बहिरेपणाचं सोंग गेलं खड्ड्यात.

आधी म्हणाले उंदीर. मी म्हटलं, उंदरांना खाणीची खूण कोणी शिकवली? मग हळूच विचारलं, तुम्हाला ऐकू येतं? येतं म्हटलं. मग आवाज आणखी खाली गेला: तुम्ही उत्तर नाही ना दिलंत? मी म्हटलं, दिलं, रहाटवाल्याची मुलगी आहे मी, न देऊन काय करीन! गव्हर्नरच्या खुर्चीची दोरी ओलांडून ते मटकन तिच्यावर बसले.

म्हणाले, ऐंशी वर्षांत कोणी उत्तर दिलं नव्हतं.

रविवार, १५ मार्च

चर्चनंतर मिसेस कर्स्लेकला परसात गाठलं. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता तिने सगळं सांगितलं, एकदाही माझ्याकडे न पाहता.

घोडा नव्हताच. सोनं सापडलं ते चिनी लोकांच्या टोळीला. त्यांचा म्होरक्या लम यिक. जागा त्यांची, कुदळ त्यांची, विहीर त्यांनी खणलेली. एके दिवशी सगळे खाली असताना जोसाया आणि त्याच्या सोबत्यांनी दोर कापला आणि तोंडावर झाकण टाकलं. जोसाया त्यावर स्टूल घेऊन बसला. जागेवर जो हजर त्याची जागा. खालून ठोके येत राहिले, कित्येक दिवस. सगळं गाव ऐकत होतं. जोसाया त्यावर बसून जेवायचा. गावात सांगितलं की चिनी परत आपल्या देशाला गेले.

झाकण कोणी आणलं होतं माहीत आहे? तिनेच विचारलं. माझ्या सासऱ्यांनी, आमच्याच तबेल्याचं.

मग म्हणाली, थर्झा, तू चांगली बाई आहेस, उद्या पहाटेच्या गाडीने नीघ. कोणी बसत राहिलं तोवर ते खालीच राहतात. आता तू त्यांना ओढायचा शब्द दिलास.

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. इतका की कोंबड्यांचं भांडं लाथाडलं.

सोमवार, १६ मार्च

गाडी गेली. मी गेले नाही.

उत्तर दिल्यावर रहाट सोडून जाणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. खाली कोण आहे, कशा अवस्थेत आहे, हा प्रश्नच येत नाही. ओढायचं.

आज बसले नाही. स्टूल तसंच सोडलं आणि त्याच्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, मी तुमच्यावर बसणार नाही. झाकणाखाली काहीतरी सरकलं. घाबरून बाहेर पळाले, हेही लिहिते.

बुधवार, १८ मार्च

भाजीवाल्या पर्सी लमकडे गेले. लम यिक त्याचे आजोबा. पन्नाशीचा माणूस, कोबीच्या वाफ्यात उकिडवा बसलेला. त्याला सगळं माहीत होतं. वडिलांना आजीने सांगितलं, वडिलांनी त्याला. मी दोर मागितला. गावातल्या दुकानदाराने मला द्यायला साफ नकार दिला होता.

पर्सी संतापला. म्हणाला, बाई, तुम्ही आज आहात, उद्या गाडीत बसाल. आम्ही तीन पिढ्या यांना कोबी विकतोय, मान खाली घालून. मुलगी माझी इथल्याच शाळेत जाते. तुम्हाला काय जातंय शूर व्हायला?

खरं होतं. निघाले, तर फाटकापाशी मागून आला. स्वतःच्या मळ्यातल्या विहिरीचा दोर सोडून, गुंडाळी करून खांद्यावर. म्हणाला, नवा आहे, तुटायचा नाही. आणि वर आले तर मला बोलवा. मी येईन असं नाही म्हणत. पण बोलवा.

शुक्रवार, २० मार्च

कमिटीने काढून टाकलं. किल्ल्या मागितल्या. दिल्या नाहीत. दारं आतून लावली, पीठ, चहा, मेणबत्त्या आत. ऑब्री बाहेरून गोड बोलले, मग ओरडले, मग चक्क विनवण्या केल्या. दुसरा कोणी बहिरा माणूस आणणार होते बसायला. मी आतून सांगितलं, या, आधी मला उचला.

स्टुलाचे बोल्ट गंजलेत. तेल घालते आहे.

सोमवार, २३ मार्च

गावालाही ऐकू येऊ लागलंय. मिसेस कर्स्लेक खिडकीशी येऊन सांगून गेली. खाटकाच्या ओट्याखाली. चर्चमध्ये, स्तोत्राच्या मधे, बाकांखालून. बेकरीच्या मागच्या खोलीतही. तीन, तीन, तीन. लोक मोठ्याने बोलतायत, पियानो वाजवतायत. कोणी एकानेही उत्तर दिलं नाही.

ऐका म्हणावं. ऐंशी वर्षं ऐकायचं राहिलंय.

बुधवार, २५ मार्च

दोन बोल्ट निघाले. तिसरा मी हात लावायच्या आधीच सैल होता. खालून कोणीतरी —

नाही. थकले आहे. चहा करते.

गुरुवार, २६ मार्च

तिसरा खालूनच काढला आहे. पान्याशिवाय. लोखंडावर ओल्या चिकणमातीची बोटं उमटली आहेत, माझ्या बाजूने.

घाबरले आहे, थर्झा ट्रेम्बाथ, घाबरलेली आहेस तू. बरं मग? घाबरून हात चालत नाहीत असं थोडंच आहे.

शुक्रवार, २७ मार्च

स्टूल निघालं. फोडून चुलीत घातलं. सुंदर जळतंय.

जोसायाच्या चित्राखालची पाटी उलटी केली, मागे कोळशाने लिहिलं: हे सोनं लम यिक आणि त्यांच्या सोबत्यांना सापडलं. त्यांना इथेच पुरलं.

उद्या मेलबर्नहून कोणी बडे साहेब येणार आहेत, गावाच्या ऐंशी वर्षांची पाटी उघडायला. बरोबर. उद्याच.

शनिवार, २८ मार्च

बाहेर बँड. भर दुपार, ऊन रखरखीत. झाकण पहारीने बाजूला केलं. खालून गार हवा आली. माती, आणि शिजलेल्या भातासारखा वास. एवढ्या वर्षांनी भाताचा —

टाचेने तीन दिले.

लगेच तीन आले. अगदी जवळून.

दोर सोडला. आधी ढिला होता. मग कोणीतरी धरला. रहाट कुरकुरला.

ओढते आहे. रहाट उलटा फिरू नये म्हणून खिटी लावून दम खाते, तेवढ्यात लिहिते. जड आहे. एकाचं वजन नाही. एकामागे एक दोराला आहेत —

बँड थांबला. दाराशी ऑब्री. लाकूड फोडतायत. सगळं गाव असेल त्यांच्यामागे. फोडा. उघडलं की दिसेल. मी ओरडले, पर्सीला बोलवा! कोणीतरी पर्सीला बोलवा!

आणखी दोन फेरे —

हात. काठावर. मातीचा, बारीक. मी म्हटलं, वर या, जागा तुमचीच आहे.

त्याने माझं डावं मनगट धरलं आहे. बर्फासारखं गार. ओढत नाही. नुसतं धरून आहे, मागचे येईपर्यंत. मला सोडवता येत नाही. मीही सोडणार नाही. खिटी उजव्या हाताने —

दुसरा आला. तिसरा. माझ्याकडे पाहत नाहीत. सगळे दाराकडे —

दार तुटतंय. ऑब्री, आत या. या ना. आता बसायला स्टूल नाही, उभे राहूनच —