आमची पद्मिनी फुटणार नाही

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळी ७.१०
नवी वही. आधी नोंद. स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: गच्चीवरची टाकी भरली की वाजणारी घंटी. गणपतीमागचं फिरतं चक्र. खायच्या सोड्याचं आग विझवायचं नळकांडं, होळीच्या पिचकारीचं तोंड लावून. आणि पद्मिनी, मॉडेल ८४. भंगारातून आणली, नऊ वर्षांत उभी केली. कोर्स कुठलाही नाही. इंजिन सुरू होतं. गेटपर्यंत जाते. पुढे मालाडचं ट्रॅफिक तिच्या लायकीचं नाही.
पडद्यावर फुटलेल्या गाड्या आजवर मोजल्या: २१४. जमिनीला टेकायच्या आधीच फुटलेल्या: ६१. बरोबर फुटलेली: एकही नाही. पेट्रोल जळतं, बॉम्बसारखं उडत नाही. हे लोकांना कोणीतरी सांगायला हवं.
संकल्प: मी.

बुधवार, ५
आमची श्रुतिका एका वेब सिरीजवर ट्रेनी असिस्टंट आहे. आज त्यांच्या ऑफिसचं पत्र घेऊन आली, दोन पानी. हिरोची पद्मिनी कड्यावरून पडते आणि फुटते, त्या सीनसाठी आपली गाडी हवी. हिने डायरेक्टरला परस्पर शब्द देऊन टाकलाय. गाडी आली तर ही पर्मनंट.
पहिलं पान पेन घेऊन वाचलं. मॉडेल ८६ लिहिलंय. रंग 'फिकट निळा'. आसमानी आहे. नाही म्हटलं. पप्पा, पुढचं पान वाचा तरी, म्हणाली. म्हटलं, ज्यांचं पहिलं पान असं, त्यांच्या दुसऱ्याला हात लावत नाही. पत्र टूलबॉक्समध्ये, पान्यांखाली.
बायको, शेवंती, म्हणाली, पोरीपेक्षा गाडी लाडकी. पोरीला बनवायला नऊ वर्षं लागली नव्हती. हे मनात म्हटलं.

शनिवार, ८
मढला बंगल्यावर शूटिंग. गाडी का फुटत नाही यावर चौदा पानी टिपण घेऊन गेलो, आकृत्यांसह. श्रुतिकाने ओळख दाखवली नाही. कामात असते.
डायरेक्टर यज्ञेश, वय तीसच्या आत. टिपण उघडलं नाही, पण मला लाकडी खोक्यावर उभं केलं, माइक दिला, म्हणाला, सर, पूर्ण युनिटला समजवा. बावीस मिनिटं बोललो. सगळे मोबाइलवर घेत होते. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. विषयच तसा आहे.
निघताना श्रुतिका चहाच्या टेबलामागे खाली बसलेली दिसली. काहीतरी पडलं असावं.

मंगळवार, ११
माझा व्हिडिओ सगळीकडे. तीन लाख लोकांनी पाहिला. खाली हसरे चेहरेच चेहरे. लोक खूश आहेत. एकाने लिहिलंय, काका, करून दाखवा ना.
सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर लिफ्टमध्ये म्हणाले, जयवंतराव, आता हॉलिवूड. नम्रपणे मान हलवली.
श्रुतिका जेवली नाही. रविवारपर्यंत गाडी आली नाही तर सोमवारपासून येऊ नकोस, असं तिला सांगितलंय. परत दुसऱ्या पानाचं काढलं. म्हटलं, विषय संपला. सत्यासाठी घरातल्यांनी थोडं सोसावं. मी सोसतोच आहे.

शुक्रवार, १४
संकल्प: रविवारी बिल्डिंगमागे प्रात्यक्षिक. पद्मिनीवरच. टाकी काठोकाठ भरायची. (रिकाम्या टाकीत वाफ साठते, ती धोक्याची. हे यज्ञेशला कुठून माहीत असणार.) टाकीखाली पेटता बोळा, नव्वद सेकंद. मग नळकांडं. रंगाला ओरखडा येणार नाही.

रविवार, १६. दुपारी ३
हजर: अठ्ठावीस माणसं, तीस मोबाइल.
११.०४ बोळा पेटवला. नव्वद सेकंदांनी नळकांडं दाबलं. पिचकारीच्या तोंडात सोडा दगड झालेला. एक थेंब आला, माझ्या चपलेवर. ११.०७ मागची सीट. ११.१५ डॅशबोर्ड. फायर ब्रिगेडला आरेकडून यायला वेळ लागला. म्हणाले, काका, बाजूला व्हा. टाकी काठोकाठ असल्यामुळे एकूण सत्तेचाळीस मिनिटं.
शेवटपर्यंत फुटली नाही. मी मोठ्याने सांगितलंही, बघा, फुटली नाही. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.
शेवंती वरून खिडकीत होती. जेवताना एवढंच म्हणाली, "बरा झाला. आता माका खिडकीतसून झाड दिसतला."

मंगळवार, १८
सांगाडा भंगारवाल्याने नेला. जिथून आणली होती, तोच. ओळखलं नाही त्याने.
टूलबॉक्स घरात होता म्हणून वाचला. श्रुतिका काल दिवसभर घरीच होती. युनिटच्या ग्रुपमधूनही तिचं नाव काढलं. आज तिने पान्यांखालून पत्र ओढलं आणि दुसरं पान माझ्यासमोर धरलं.
"पप्पा, तुम्ही बरोबर होतात. नाही फुटली. आता हे वाचा."
पेन घेऊन वाचलं. चूक एकही नाही.
कड्यावरून पडणारी आणि फुटणारी गाडी फायबरची, नकली. आमची फक्त त्याआधी उभी दाखवायला. चार दिवस. नेआण त्यांची. गाडीजवळ आग आणणार नाही, हे ठळक अक्षरांत. परत देताना धुऊन, पॉलिश करून. शेवटी पडद्यावर एक ओळ: पद्मिनी, श्री. जयवंत परब यांच्या हातची.
भाडं एक लाख साठ हजार. मी नाही म्हटलं होतं.