महिपतचे पेले आणि लोहचुंबक

१३ एप्रिल १९९९

कमालच झाली! भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, सावित्रीबाईंनी नव्या डब्याच्या काठाला लोहचुंबक लावला — आणि तो चिकटला!

"काय वो शेट, ह्या काय तुमचा इस्टील?"

लेकीच्या लग्नाची एक्कावन्न भांडी नेलीत त्यांनी. आणि वीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलोय — चुंबक चिकटला की स्टील खोटं! स्टील खरं आहे हे दाखवा, नाहीतर पैसे परत द्या, म्हणून रविवारपर्यंत मुदत दिलीय.

१४ एप्रिल

दुकानातला सगळा माल तपासला. बुडाला चिकटत नाही. काठाला, वळणाला चिकटतो. हे काय गौडबंगाल?

महिपत आठवला. माझा भागीदार. एक्क्याण्णव साली त्याने आणलेल्या पेल्यांना असाच चुंबक चिकटला, आणि मी भर बाजारात त्याला लबाड म्हटलं. तो त्याच्या गावी, पोफळीला निघून गेला. आठ वर्षं बोलणं नाही.

दिवसभर जेवण गेलं नाही.

१६ एप्रिल

लेक स्वानंदी पॉलिटेक्निकला आहे, सरांना विचारून आली. म्हणे, ह्या स्टीलच्या आत अणूंची एक ठरावीक मांडणी असते. तिला चुंबक चिकटत नाही. पत्रा दाबला, वाकवला की तेवढ्या भागात मांडणी बदलते. तिथे तो जास्त कडक होतो आणि चुंबकही धरतो. स्टील तेच! लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की मांडणी पुन्हा पहिल्यासारखी.

"मग काय, डबा धाकू लोहाराच्या भट्टीत घालू?"

"घाला की, बाबा!"

हट्टी पोरगी. माझ्यावरच गेलीय.

१८ एप्रिल

पडला! चुंबक पडला!!

धाकू लोहाराकडे अर्धी आळी जमलेली. डबा लाल झाला, पाण्यात चर्रर्र — काळाठिक्कर! काठाला चुंबक लावला, टपकन खाली. सावित्रीबाईंनी स्वतः तीनदा लावून पाहिला, तीनदा पडला. पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "घाला नावां भांड्यांवर! पन ह्यो जळका डबा नको हां!"

मी सगळ्यांना पन्हं पाजलं. स्वानंदीला तर खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं!

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, मग महिपतकाकांचे पेले?"

१९ एप्रिल

पुरावा म्हणून त्यातला एक पेला जपून ठेवला होता मी. एकटाच धाकूकडे गेलो. तापवला, बुडवला.

चुंबक पडला. आनंदाने ओरडलो — आणि मग फार लाज वाटली.

२१ एप्रिल

पोफळीला जाऊन आलो, सगळं सांगितलं. महिपतने काळा पेला हातात घेतला, चुंबक लावून पाहिला, खाली बसला.

"दत्ता, मलापण इतकी वर्षं वाटत होतं रे, माल खोटाच होता."