बंदुकीला गरम पाणी

बाबा, तुमची ठासणीची बंदूक उद्या पोलीस ठाण्यात जमा होणार आहे, कायमची. मांजर्लीच्या आपल्या भातशेतीवर आता इमारती उभ्या आहेत. पीकच नाही तर पीकसंरक्षणाचा परवाना कशाला, असं धाकट्याला कचेरीत विचारलं आणि उद्याची तारीख दिली. मी एवढंच म्हणाले, द्यायच्या आधी एकदा मला धुऊ दे. "ताई, कशाला डोक्याला ताप? ते लोक कापून भंगारातच टाकणार ना," तो म्हणाला. मला राग आला. अंबरनाथहून आज आले ती भांडायच्या तयारीनेच.

रानडुकरं हाकलायला तुम्ही बार काढलात की सकाळी चुलीवर पहिलं पाणी बंदुकीचं, चहा नंतर. तुम्ही नळी दस्त्यापासून सोडवता, बादलीत उभी धरता, मी वरून साबणाचं कढत पाणी ओतते. काळं पाणी निघतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आई नाकाला पदर लावते. एकदा शहाणपणा करून मी रॉकेलची बाटली आणली, तर केवढ्यानं खेकसलात! "रॉकेल नको गो! बंदुकीच्या दारूत खार हाय, तो पान्यानंच सुटतो." शेवटचं पाणी उकळतं, म्हणजे नळी आपली आपण वाळते, आणि ती गरम असतानाच आईचं डोक्याचं खोबरेल. "माझ्या केसांना थेंब नाय ठेवीत, हिला मातर वाटीभर," आई म्हणायची.

धाकट्याने बंदूक उतरवली, रिकामी आहे ना ते पाहिलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. दरवर्षी दसऱ्याला हळदकुंकू वाहून त्याने ती न पुसता तशीच खुंटीला टांगली होती. जिथे जिथे ओल्या हळदीची बोटं, तिथे तिथे गंज. "पूजा तर केली ना," तो पुटपुटला. हसूच आलं मला. भावजयीने भांड्यांचा लिंबाचा साबण दिला, गॅसवर पातेलं चढलं. नळी धरून बसल्यावर धाकटा आपणहून बोलायला लागला, गुडघ्याचं, लेकीच्या लग्नाचं. एरवी फोनवर तो 'बरं आहे'च्या पुढे जात नाही. आम्ही गरजेपेक्षा जास्तच वेळ पाणी ओतत राहिलो. गंज सगळा गेला नाही.

हे पत्र कुठे टाकणार, घडी करून पर्समध्येच ठेवते. पण एक सांगायचं राहिलं होतं. मला ती बंदूक कधीच आवडली नाही. बार झाला की मी गोधडीत तोंड खुपसायचे. पण एरवी गप्प असणारे तुम्ही त्या बादलीपाशी बसलात की माझ्याशी बोलायचात. म्हणून, बाबा, आपल्या भातात डुकरं यावीत असं मी देवाजवळ गुपचूप मागायचे.