फिकट चौकोन

३ मार्च

प्रिय मुंगे,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तू सुखरूप पोचलीस, हातमोजे घेतलेस, खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून एक झाड दिसतं, हे वाचून बरं वाटलं. आम्ही इकडे ठीक. सासूबाईंचा गुडघा आहे तसाच आहे, यांच्या टेबलावर दुरुस्तीला आलेली घड्याळं रोज वेगवेगळी वेळ सांगतात, आणि लेकीची परीक्षा जवळ आल्यामुळे तिला घर आवरायची हौस आली आहे.

पण ईमेल सोडून चार पानी पत्र कसलं लिहितेस गं? आता मलाही हातानं लिहिणं आलं. माझं अक्षर तुला माहीत आहे. चौदा वर्षं वाळक्या झाडांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहून लिहून ते इतकं बारीक झालंय की भिंग घेऊनच वाच.

अभिनंदन तू निघताना केलं होतंच, पुन्हा करते. परदेशातली संशोधन-शिष्यवृत्ती, वर्षभर पाहुणी संशोधक, स्वतःचं टेबल, स्वतःचा सूक्ष्मदर्शक! आपल्या वनस्पती-संग्रहालयातून आजवर कुणाला मिळाली नव्हती. साहेब तर येईल त्याला सांगतात, "आमची मुलगी गेलीय," जसं काही त्यांनीच तुला कडेवर घेऊन नेऊन सोडलंय. सासूबाई परवा म्हणाल्या, "ती तुझ्या हाताखालची ना? मग तू का नाही गेलीस?" मी म्हटलं, गुडघा दुखतो. तर म्हणतात कशा, "गुडघा माझा दुखतो."

तू लिहिलंयस की तिथल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी माझ्या शिफारसपत्रातलं एक वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. 'ही मुलगी फार मंद काम करते; एक नमुना तीनतीनदा पाहिल्याशिवाय त्यावर चिठ्ठी लावत नाही.' बाकी सगळ्या उमेदवारांना त्यांच्या गुरूंनी 'असामान्य' आणि 'तेजस्वी' ठरवलं होतं म्हणे, आणि प्राध्यापकांना नेमकी एक मंद मुलगी हवी होती. 'ताई, काय लिहायचं ते तुला बरोबर ठाऊक होतं,' असं तू लिहिलंस, खाली दोन रेघाही मारल्यास.

होतं बाई ठाऊक. ते राहू दे.

तू मागवलेले बारा नमुने परवा पार्सलनं रवाना केले. मी स्वतः बांधले. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर मेणकागद, चारही कोपऱ्यांना कापूस. तुझं लाडकं गवत सगळ्यात वर आहे. ते ज्यावर चिकटवलंय त्या कागदाचा इतिहास तू तुझ्या अर्जात लिहिलाच आहेस, मी वेगळं काय सांगू?

तुझ्या टेबलावर कुणी बसत नाही. मी दोनदा बसून पाहिलं. उजेड माझ्या टेबलापेक्षा चांगला आहे. इतकी वर्षं कशी काय ती जागा तुला दिली मी, कोण जाणे.

थंडीत कान झाक. फार मरमर करू नकोस.

तुझी
ताई


२१ एप्रिल

प्रिय मुंगे,

उत्तराला उशीर झाला. आधी लेकीची परीक्षा, मग यांना ताप, मग संग्रहालयात कपाटांना औषध मारलं, त्यात आठ दिवस गेले. सगळी कारणं खरी आहेत.

तू लेकीला पाठवलेलं फोटोचं कार्ड पोचलं. तिनं ते अभ्यासाच्या टेबलावर भिंतीला चिकटवलंय. त्यात तू त्या मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभी आहेस, गळ्यात ओळखपत्र, नाक लाल. 'मोठी झाल्यावर मी मुंगीमावशीसारखी होणार,' असं ती काल शेजारणीला सांगत होती. मी तिथेच उभी होते, हातात तिचा डबा घेऊन. आता तूच सांग, आईनं अशा वेळी कसला चेहरा करावा? मी आपला डबा धुतला.

तू मला पुढच्या वर्षीसाठी अर्ज करायला सांगतेस. प्राध्यापकांशी बोललीस, ते 'शिफारस लिहिणाऱ्या ताईंना' भेटायला उत्सुक आहेत, माझं शिफारसपत्र आता तू लिहिणार! वा. दिवस कसे फिरतात बघ. पंचेचाळीसची अट आहे आणि मला नोव्हेंबरात पंचेचाळीस पूर्ण होतात, म्हणजे ही शेवटचीच संधी, हे तू मोजून लिहिलंस. मीही मोजलेलं आहे, मुंगे. याआधी मला कितीदा नकार आला ते तुला माहीत आहे. 'आपला अर्ज अत्यंत अभ्यासपूर्ण होता, तथापि...' त्या 'तथापि'च्या पुढचं मी आता वाचतही नाही.

अर्ज मात्र आणून ठेवलाय. अर्धा भरलाय. हे तुला सांगायचं नव्हतं.

राहता राहिला तुझा दुसरा प्रश्न. गवताच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात एक फिकट चौकोन आहे आणि तिथली जुनी चिठ्ठी नाही, असं तू म्हणतेस. आता मी काय सांगू? डिंक जुना, कागद जुना. गळून पडली असेल. पार्सलच्या कापसात नीट शोध. तिथल्या कस्टमवाल्यांनी उघडलं असेल तर त्यांना काय कळतंय चिठ्ठी म्हणजे काय ते. नाहीतर कसरीनं खाल्ली.

प्राध्यापकांनी त्या गवतावरचा तुझा लेख थांबवून ठेवलाय हे वाचून वाईट वाटलं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. तू अर्जात लिहिलंस की हा नमुना चौदा वर्षं चुकीच्या नावाखाली पडून होता आणि तू ती चूक शोधलीस. आता चुकीच्या नावाची चिठ्ठीच नाही म्हटल्यावर कुणीही विचारणार, कसली चूक आणि कुणाची? पण होईल सगळं नीट. म्हातारी माणसं उगाच घोळ घालतात.

इकडे उकडतंय. बाकी ठीक.

ताई


९ मे

मुंगे,

तुझं शेवटचं पत्र काल दुपारी आलं. मी ते कपाटांच्या मधल्या बोळात उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसले.

प्राध्यापकांनी तुला सरळच विचारलं, ही चिठ्ठी तूच तर काढली नाहीस ना, जुनं नाव बरोबरच होतं आणि चुकीची गोष्ट तू शोध मोठा दिसावा म्हणून बनवलीस, असं तर नाही ना? एवढं मी उभ्यानं वाचलं. पण मी खाली बसले ते पुढच्या ओळीमुळे. तू लिहिलंस, 'ताई, जायच्या आधी मी तो कागद दोनदा हाताळला होता. माझ्याच बाहीला लागून ती निघाली असेल का? मी रोज आठवून बघते.' अगं, तू स्वतःलाच तपासत बसलीस! एकदा नाही, तीनतीनदा. तुझी ती मेली सवय.

तुझ्या बाहीनं काही झालेलं नाही. चिठ्ठी मी काढली.

पार्सल बांधायच्या दिवशी, दुपारी, साहेब जेवायला गेले होते. ओला कापूस चिठ्ठीवर दहा मिनिटं ठेवला आणि बोथट सुरीनं एका कडेनं उचलली. अख्खी निघाली. हात इतका स्थिर होता की माझी मलाच कमाल वाटली. तू कामावर आलीस त्या पहिल्याच दिवशी तुला मी काय शिकवलं होतं? जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी कधी काढायची नाही. नवी तिच्या शेजारी लावायची, नाव आणि तारीख घालून. पुढच्या माणसाला चूकही दिसली पाहिजे. हे मी तुला शिकवलं, तू वहीत उतरवून घेतलंस, आणि मोडलं ते मी.

का, ते सांगते. चिठ्ठीवर माझं नाव होतं. चौदा वर्षांपूर्वी मी त्या गवताला चुकीचं नाव दिलं. तू ते दाखवलंस तेव्हा मी तीन महिने तुझ्याशी वाद घातला, आठवतं? 'तुझे डोळे तपासून घे,' असंही म्हणाले होते. आता तो कागद तिथे जाणार, दहा शहाणी माणसं त्यावर वाकणार, माझी चूक वाचणार आणि शेजारी तुझं बरोबर नाव वाचणार. मला ते सहन होईना.

हे अर्धंच झालं. दुसरी गोष्ट अशी, की जुनी चिठ्ठी नसेल तर तुझा शोध छोटा दिसेल, हे मला काढताना कळत होतं. तुझ्यावर बालंट येईल एवढं मनात नव्हतं. पण थोडी फजिती व्हावी, हे होतं.

मी जळते तुझ्यावर. इतके दिवस पत्रांतून टोमणे मारले, आता स्पष्टच लिहिते. मला तुझ्या खिडकीचा राग येतो. तुझ्या लाल नाकाचा राग येतो. साहेब तुझं नाव काढतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो आणि मी हसून मान हलवते.

आणखी एक. तुला माझे तीन नकार माहीत आहेत. चौथा माहीत नाही. तू अर्ज केलास त्याच वर्षी मीही केला होता, तुला न सांगता. आपल्या दोघींची उत्तरं एकाच सकाळी आली. तुझं पाकीट तू सगळ्यांसमोर फोडलंस आणि येऊन माझ्या गळ्यात पडलीस. माझं पाकीट माझ्या ब्लाउजात खोचलेलं होतं. तू मिठी मारलीस तेव्हा ते आपल्या दोघींच्या मध्ये चुरगळलं. तुला वाटलं मी आनंदानं रडले.

आणि शिफारसपत्रात ते 'मंद' मी तुला पाडायला लिहिलं होतं. माझाच अर्ज त्या ढिगात होता ना! तुझ्याविषयी खोटं लिहायचं धाडस नव्हतं, म्हणून खरं होतं तेच वाईट वाटेल असं लिहिलं. तिथे बसलेल्या माणसाला ते चांगलं वाटलं, त्याला मी काय करणार? तू खाली दोन रेघा मारून आभार मानलेस, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

आता काय केलं ते सांगते. चिठ्ठी मी फेकली नव्हती. का, ते विचारू नकोस, चौदा वर्षं चिठ्ठ्या लावलेल्या हाताला चिठ्ठी फेकता येत नाही. ती घरी शब्दकोशात होती. या पत्रात मेणकागदाच्या घडीत ठेवली आहे. तिच्या पाठीला त्या कागदाचे तंतू चिकटलेले आहेत. फिकट चौकोनावर ठेवून प्राध्यापकांसमोर जुळवून दाखव, कडा तंतोतंत बसतील. त्यांना मी वेगळं पत्रही लिहिलं आहे, सगळं, पूर्ण नावानिशी, आणि ते आजच गेलं.

आज सकाळी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही?" एवढंच. नंतर त्यांनी हात पुढे केला आणि मी कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या. चौकशी होईल. तोवर मी बाहेरच्या खोलीत पत्ते लिहायला बसते. अक्षर चांगलं आहे ना माझं.

घरी जेवताना सांगितलं. हे चमचा हातात धरून बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, "मग तिला आजच कळव." लेकीनं विचारलं, "मुंगीमावशी आता परत येईल का आपल्याकडे?" मी तिच्या ताटात भात वाढला. तुझं कार्ड तिनं भिंतीवरून काढलेलं नाही आणि मी काढायला सांगणार नाही.

माझा अर्धा भरलेला अर्ज मी अर्धाच ठेवला आहे. माझ्यासाठी काही लिहू नकोस. तू लिहिशील, मला ठाऊक आहे तुला, म्हणून आधीच सांगते.

जळायचं थांबलं का म्हणशील, तर नाही. तुझा लेख छापून येईल त्या दिवशीही मला आतून टोचेल. पण तो तुझ्याच नावानं, पूर्ण, काही न गाळता छापून यावा, हेही तितकंच खरं वाटतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला कळत नाही.

चिठ्ठी मूळ जागीच लाव, आधी माझी चूक दिसू दे, मग तुझं नाव. गव्हाच्या पिठाची पातळ खळ वापर, तिथला गोंद नको. आणि खाली एक नवी चिठ्ठी लागेल. जुनी कुणी काढली, कोणत्या तारखेला, पुन्हा कुणी लावली. माझ्यापुरत्या दोन ओळी मी लिहून दिल्या आहेत, तिसरी तुझी.

पत्राखाली सही मात्र आज करता येत नाही. मला काय म्हणायचं ते आता तू ठरवायचंस. खाली जागा सोडली आहे. जे योग्य वाटेल ते तिथे लिही, तारीख घाल, आणि हे पत्र जपून ठेव किंवा मला परत पाठव.

तुझी