सिनेमात नसलेली सकाळ

४ जानेवारी, रविवार

दुपारी फोनवर सिनेमा बघितला. ग्रंथालयातून आणून दोनदा वाचलेल्या कादंबरीवरचा. पुस्तकातली म्हातारी शेवटी कुणाशीच बोलत नाही, नुसती चूल सारवत बसते. सिनेमात तिला नातवाच्या लग्नात नाचवलं.

शेरा: पुस्तक वाचावे. सिनेमा पाहू नये.

प्रत्येक सिनेमाला वहीत असा शेरा देते. शाळेतल्या बाई द्यायच्या तसा. त्या बाईंनी मला चौथीनंतर बघितलं नाही. पुढचं सगळं वाचन आपलं आपण, पुड्यांच्या कागदावर.

यंदा एकाच सिनेमाची वाट बघतेय. अंकुशच्या.

६ जानेवारी, मंगळवार

अं.चा फोन. "काकू, सोळा तारखेला लागतोय. सोलापुरात पण. पहिल्या खेळाला यायचं हं. आण्णांचा सिनेमा हाय."

आण्णा म्हणजे हे. आज असते तर पुतण्याचं नाव पेपरात बघून पेपर गल्लीभर फिरवला असता. पण हे असते तर सिनेमाच झाला नसता.

दोन वर्षांपूर्वी अं. आला होता. समोर फोन ठेवून तीन दिवस विचारत राहिला. आण्णा कसे बोलायचे, मेंढरांना काय हाक मारायचे, विहिरीत कसे गेले. मी सांगत गेले. रेश्माला, पोटच्या पोरीला, जे कधी सांगितलं नाही तेही सांगितलं. त्या सकाळी दारात मी ह्यांना जे बोलले ते. एकच वाक्य आहे. इथेही लिहायला हात धजत नाही.

मग त्याला का सांगितलं? वाटलं, अंधारात, अनोळखी माणसांत दुसरी कुणीतरी बाई ते मोठ्यांदा म्हणेल. मी मागच्या रांगेत बसून ऐकेन. मग ते माझ्या एकटीचं राहणार नाही.

तेवढं ऐकायचंय. बाकी सिनेमा कसाही असो.

११ जानेवारी, रविवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. नवी पेठेत पाऊल ठेवायला जागा नाही, म्हणून दुकान रविवारीही चालू. फॉल लावायच्या साड्यांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर. शेजारी कस्तुराबाई पिकोच्या मशीनवर. घरही माझ्या समोरच, कामही शेजारी, त्यामुळे तिच्यापासून काही लपत नाही.

"अक्का, पिच्चरमधी तुमचं काम कोन करालंय?"

अं.ने पाठवलेला फोटो दाखवला. बाई गोरी, भुवया कोरलेल्या. कस्तुराबाईने चष्मा पुसून बघितला. "अय्यो! ही दोन दिस मेंढरामागं गेली तर वाळून खारीक हुईल की."

खूप दिवसांनी हसले. मग तिने ह्यांचं काम करणारा बघितला. घोंगडीला इस्त्री केलेली. तिने फोन परत दिला.

१६ जानेवारी, शुक्रवार

पाहिला.

विहिरीत मेंढी पडतच नाही. पोरगी पडते, पाच-सहा वर्षांची, निळा फ्रॉक. हा धावत येतो आणि घोंगडी फेकून उडी घेतो. हे उडी घेणारे नव्हते. भाऊजींनी, अं.च्या वडिलांनी, सांगितलंय मला सगळं. कमरेला दोर बांधला, पेटलेली बिडी भावाच्या हातात दिली, मेंढीला शिव्या देत पायरी पायरीने उतरले. मेंढी वर आली. दगड निखळला तो त्यानंतर.

असू दे. मी त्यासाठी गेले नव्हते.

दारातला प्रसंग आला तेव्हा पदर तोंडात धरला. बाई दारात आली. लाल फडक्यात बांधलेली भाकरी त्याच्या हातात दिली. म्हणाली, "लवकर या हं. मी वाट बघते." तो गेला. कोपऱ्यावर वळून बघितलं, हात केला. बासरी वाजली.

पुढचा प्रसंग सुरू झाला.

मला वाटलं नंतर येईल. आठवण म्हणून, स्वप्नात, कसंही. मध्यंतरानंतरही वाट बघत बसले. आलं नाही. शेवटी बाई विहिरीच्या कठड्यावर बांगड्या फोडते, आणि सगळं थेटर नाक ओढतं. मी त्या दिवशी रडलेसुद्धा नव्हते. लोक त्यावरूनही बोलले होते.

रेश्मा केम गावाहून मुद्दाम आली होती, शेजारीच होती. रिक्षात माझ्या गळ्यात पडली. "आई, किती जीव हुता गं तुमचा एकमेकांवर. मला कदी सांगितलंच न्हाईस."

१७ जानेवारी, शनिवार

अं. पेढे घेऊन आला. पाया पडला. मी पेढा हातात धरून विचारलं, "माझं वाक्य कुठं आहे?"

कुठलं, असं त्याने विचारलं नाही. एवढं बरं.

"घेतलं हुतं काकू. शूटिंग बी झालं. नंतर एडिटिंगमध्ये काढलं. ते ऐकलं की लोकांच्या मनातून बाई उतरती. मग शेवटी तिच्यासाठी कुणी रडत न्हाई."

"आणि मेंढी?"

"मेंढीसाठी कोण रडणार, काकू?"

"मेंढीसाठी माणूस मेला रे. तुझ्याच बापाची मेंढी."

सिनेमात मेंढी नाही, म्हणून त्या दिवशी ह्यांना फोन करून बोलावून घेणारा थोरला भाऊही नाही. त्याचा बाप सुटला आणि मीही सुटले. एका कात्रीत दोघं.

जाताना दारात म्हणाला, "तुमच्यासाठीच केलं. लोकांनी नावं ठेवू नयेत तुम्हाला."

चांगला मुलगा आहे. तिथेच अडतं. वाईट असता तर नीट भांडले असते.

२० जानेवारी, मंगळवार

रेश्माचा फोन. फोनवर मागून तिचा धाकटा विचारत होता, आजोबांनी कुणाला वाचवलं. ती म्हणाली, पोरगीला.

"अगं, मेंढी होती."

"असू दे की आई. पोरगी बरी वाटती ऐकायला."

हे कुठल्या मेंढीला काय नावाने हाक मारायचे ते तिला लहानपणी पाठ होतं. फोन ठेवला आणि कुठल्याच साडीला फॉल सरळ लागेना. दोन उसवल्या.

ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक तसंच पडलंय. वाचताना मध्येच मनात येतं, ह्यातलंही कुणीतरी काही काढून टाकलं असेल. पूर्वी असं कधी वाटलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

कस्तुराबाईकडे हळदीकुंकू. मला बोलावलं. सहा संक्रांती गेल्या, समोरच्या दारातून बायका आत जाताना बघितल्या. आज स्वतः हात धरून घेऊन गेली. "चला की अक्का, तुमी काय आता साध्या ऱ्हायला न्हाई."

खुर्चीवर बसवलं. बाकीच्या सतरंजीवर. तिची सून करंडा घेऊन रांगेने आली. माझ्यापाशी तिचं बोट कपाळापर्यंत येऊन थांबलं. मग तिने पटकन वाणाचा डबा माझ्या हातात दिला आणि पुढे गेली. सिनेमातल्या बाईसाठी ह्याच रडल्या असतील.

एकीने विचारलं, नवी लग्न झालेली असावी, "मावशी, ते वळून बघत्यात ना, हात करत्यात... तसं खरंच केलतं का वो?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. काहींचे डोळे आधीच भरलेले.

मी म्हणाले, "व्हय."

घरी येऊन डब्याचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं. का म्हणाले? अं.ला एवढं बोलले आणि मी स्वतः काय केलं?

२५ जानेवारी, रविवार

पहाटेपासून तेच दार. सिनेमातलं, लाकडी, तोरण बांधलेलं. आमचं दार पत्र्याचं, हिरवा रंग खालून उडालेला. ते डोळ्यांपुढे आणायला जोर लावावा लागतोय. ह्यांचा चेहरा आणायला गेले तर घोंगडीवाला येतो. आणखी महिन्याभरात तेवढाच उरेल. म्हणून आज लिहून ठेवते. वाचणारं कुणी नाही.

रविवार होता. हे आठवडाभर गोदामावर राखणीला. रविवारची एक सुटी, तीही वैरागला भावाच्या मेंढरांत जायची. शहरात पंधरा वर्षं झाली तरी मन तिकडेच. त्या रविवारी मला सिनेमाला नेणार होते. तीनदा पुढे ढकललेलं. मी जांभळी साडी नेसून तयार होते. भाऊजींचा फोन आला. मेंढरं धुऊन झालीत, कातरायला माणूस कमी पडतंय.

"फुडल्या रविवारी जाऊ की."

ह्यांनी भाकरी मागितली, मी दिली नाही. हे स्वतः आत गेले, रात्रीची भाकरी आणि शेंगाचटणी पेपरात गुंडाळली. चपलेचा अंगठा तुटला होता. मला कधीपासून शिवून आण म्हणत होते, मीही पुढे ढकललेलं. दारात उभे राहून ती पायात नीट बसवत होते. तेव्हा मी म्हणाले.

"जावा. मेंढरातच मरा."

लिहिलं.

हे "बरं" म्हणाले. रागाने नाही. दळण आणायला सांगितल्यावर म्हणायचे तसं.

मी दार लावलं. कडी घातली, वाजेल अशी. साडी सोडली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पुढचं मी बघितलेलं नाही. भाऊजींचा निरोप आला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि जांभळी साडी तशीच जमिनीवर होती.

एवढीच सकाळ आहे. दिसायला चांगली नाही. पण तिच्यात हे आहेत.

२९ जानेवारी, गुरुवार

उद्यापासून थेटरात दुसरा सिनेमा. दुकानातून लवकर उठून शेवटच्या दिवसाचा दुपारचा खेळ बघितला. एकटीने. आत सात-आठ माणसं, त्यातली दोन झोपलेली. वाक्याची वाट बघायची नव्हती. गेले ती कोपऱ्यासाठी. तो वळतो, हात करतो, बासरी. सगळं खोटं आहे, बासरी तर फारच. तरी डोळे मिटले नाहीत.

मी दार लावलं होतं. हे वळले की नाही, मला माहीत नाही. मग अं.ला कुठून माहीत?

परत आले तर कस्तुराबाई दारात तांदूळ निवडत बसलेली. "अक्का, आजबी पिच्चरला व्हय? आणखी किती रडायचं?"

रडले नाही म्हणाले. तिने सूप बाजूला केलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तसंच केलतं बघा त्येनी. कोपऱ्यावर वळले, हात केला. मी हितंच बसले हुते."

सहा वर्षं समोर राहते. रोज मशीनला मशीन लावून बसते.

"कधी बोलला नाहीत."

"तुमी कदी इचारलंच न्हाई की. दार लावून घेतलं ते घेतलंच तुमी."

विचारलं, हातात काय होतं त्यांच्या.

तिने आठवलं. खरंच आठवत होती, कपाळाला आठी घालून. "लाल फडकं. भाकरीचं."

मी घराकडे वळले. कुलपाला किल्ली लागेना. मागून ती म्हणाली, "आन् चप्पल कसली तर वडत चालले हुते, फट्‌फट्. मला वाटलं, शिवून तरी घ्यावी मानसानं."

आत येऊन दार उघडंच ठेवलंय. ती अजून समोर बसली आहे, तांदूळ निवडतेय.

लाल फडकं तिने सिनेमात बघितलेलं. चप्पल सिनेमात नाही, चपलेचं मी अं.लाही सांगितलं नव्हतं.

मग वळून बघणं कुठलं?

शेरा: