बालरुग्ण कक्षातील शांततेचा खुलासा व एका खुर्चीची मागणी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक
यांचे कार्यालय, तळमजला

अर्जदार : अधिपरिचारिका, बालरुग्ण कक्ष. सेवा अकरा महिने. कक्षात वापरले जाणारे नाव : ‘ए नवीन’.

विषय : मुलांच्या रडण्याचा आवाज न आल्याबद्दल मिळालेल्या नोटिशीस उत्तर, तसेच उपचार खोलीतील खुर्ची परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, परवा मंगळवारची.

महोदय,

१. मंगळवारी सकाळी दहा ते अकरा या वेळेत वरून रडण्याचा आवाज आला नाही, यावरून मी रक्ताचे नमुने घेतलेच नाहीत असा निष्कर्ष आपण काढलात. तळमजल्यावर बसून आपण कक्षाकडे इतके कान लावून असता, हे वाचून भरून आले. नमुने पाच होते, पाचही घेतले. प्रयोगशाळेत पोचल्याची सही वहीत आहे. वही कोणी उघडली नाही.

२. आपल्याकडची पद्धत अशी, की आईला बाहेर काढायचे, दार लावायचे, मुलाला चादरीत गुंडाळायचे, दोघींनी दाबून धरायचे आणि तिसरीने सुई टोचायची. मी मुलाला आईच्या मांडीवर बसवते. त्यासाठी एक खुर्ची लागते. अशाने मूल कमी घाबरते, असे बालशुश्रूषेवरचे संशोधन सांगते. हा माझा शोध नाही, मी फक्त वाचले. गुन्हा एवढाच असल्यास तो कबूल आहे.

३. सदर संशोधनाची प्रत मी इन्चार्ज सिस्टरांना दिली. त्या म्हणाल्या, “कॉलेज संपलं ना तुझं? मग आता वाचतेस कशाला?” दुसऱ्या दिवशी त्या प्रतीच्या कोऱ्या बाजूवर ड्युटीचा तक्ता लिहून भिंतीला लावला गेला. त्यामुळे कक्षात संशोधनाचा वापर होत नाही, हे माझे विधान मी मागे घेते. मुलांना धरणाऱ्या मावशींनी मात्र तक्ता उलटून पाहिला. “ह्यानं आमचं धरायचं काम जाणार का गं?” जाईल, म्हटल्यावर म्हणाल्या, “सुटले बाई. लाथा खाऊन पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्यात.”

४. मी ‘स्वतःला डॉक्टर समजते’ असे नोटिशीत नमूद आहे. मी स्वतःला परिचारिका समजते. आपल्याला खटकले ते बहुधा हेच.

५. आता मुख्य मुद्दा. सात नंबरच्या खाटेवरील चार वर्षांच्या मुलीने मंगळवारी सकाळी आईच्या मांडीवर बसून स्वतःच हात पुढे केला होता. “हा घे, ह्याला कमी दुखतं,” असे तिने मला समजावून सांगितले. आपल्या निष्कर्षानंतर दुपारी तिचा नमुना पुन्हा घेण्यात आला. आई दाराबाहेर, मुलगी चादरीत. सुई तिसऱ्या खेपेला लागली. या वेळी आवाज तळमजल्यापर्यंत आला आणि काम झाल्याची आपली खात्री पटली. दोन्ही नमुन्यांचे अहवाल तंतोतंत सारखे आहेत. फरक एकच : आता मी दिसले की मुलगी दोन्ही हातांवर बसते.

६. काल बुधवारी उपचार खोलीतील खुर्ची ‘कामात ढिलाई येते’ म्हणून हलवण्यात आली. सध्या ती आपल्या दाराबाहेर असून तिच्यावर शिपायाचा डबा बसतो. मला सोमवारपासून कपडेखान्यात हजर होण्याचा आदेश आहे. तिथे चादरी मोजायच्या आहेत. त्याच चादरी.

७. सबब विनंती की बदली रद्द करावी. ते जमत नसल्यास निदान खुर्ची वर पाठवावी. सात नंबरच्या मुलीचा पुढचा नमुना उद्या शुक्रवारी सकाळी दहाला आहे. खुर्ची न आल्यास मी तिच्या आईला घेऊन जमिनीवर बसेन. मुलगी हात बाहेर काढेपर्यंत बसेन. दार उघडे राहील. आवाज आला नाही, तर कृपया वर येऊन वही पाहावी. पायऱ्या बावीस आहेत.

नोटिशीनुसार उद्धट, परंतु आपलीच,
(सही)
अधिपरिचारिका, रविवारपर्यंत बालरुग्ण कक्ष
गुरुवार

सोबत :
(१) नमुना वहीच्या पानाची प्रत.
(२) दोन्ही अहवाल.
(३) संशोधनाची नवी प्रत. दोन्ही बाजूंनी छापलेली आहे, कोरी बाजू शिल्लक नाही.