गाडीतल्या बॅटरीच्या जागेबाबत

मी, माधवी किसनराव खंडारे, वय अडुसष्ट, वीज उपकेंद्रातून यंत्रचालक म्हणून निवृत्त, अविवाहित, राहणार रुक्मिणीनगर, अमरावती, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माणसांचे काय व्हावे ते आज माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. माझा भाऊ याबद्दल वेगळे सांगेल, पण त्याचे म्हणणे फक्त बॅटरीपुरते आहे, त्याचा खुलासा पुढे येईलच. मला कोणी दमदाटी केलेली नाही की फूस लावलेली नाही. या आठवड्यात नागपुरात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांना काळजी वाटत नाही, मलाही फारशी वाटत नाही. पण मेन स्विच बंद केल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय आहे.

मला मूलबाळ नाही. माझी माणसे दोन. धाकटा भाऊ नागसेन, राहणार जठारपेठ, अकोला, आणि त्याची एकुलती मुलगी प्रणाली, जी इथे अमरावतीत असते. हे बापलेक तीन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे, बाकी मालमत्ता निमित्ताची.

१. राहते घर, अंगण आणि गाडीचे शेड प्रणालीला द्यावे. मात्र समोरची खोली पलंगासह नागसेनने हयातभर वापरावी. तो वर्षातून एकदाच आला तरी ती खोली त्याचीच. तिथे प्रणालीने दुकानाची खोकी रचून ठेवू नयेत.

२. बँकेतली शिल्लक आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला द्यावी. त्यातून आधी इन्व्हर्टर घ्यावा. परीक्षेच्या दिवसांत लाइन गेली की तिथली मुले अजून मलाच फोन करतात, जशी काही मी ड्यूटीवरच आहे.

३. शिवणयंत्र. माझ्या निरोपसमारंभात साहेब खुशालराव यांनी मला ते भेट दिले. माझ्यासोबत निवृत्त झालेल्या पुरुषांना मनगटी घड्याळे मिळाली. मला साधे बटण लावता येत नाही, हे सगळ्या उपकेंद्राला माहीत होते. यंत्र खोक्यातून काढलेले नाही. ते आहे तसे खुशालरावांच्या घरी पोचवावे आणि काही बोलू नये. ते समजतील. नाही समजले तरी माझे काम झाले.

४. गाडी. नोंदणी माझ्या नावावर आहे, पण तिच्यात नागसेनचा वाटा माझ्याएवढाच. मी निवृत्त झाल्यावर आम्ही सुट्या भागांचे किट मागवले आणि त्याच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये ही दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी केली. सांगाडा आणि इंजिन त्याने बसवले, वायरिंग मी केले. दारे नाहीत, छत नाही, वजन एका धडधाकट म्हशीएवढे. राजापेठच्या चौकात ऑटोवाले अजून विचारतात, “बाई, बाकीची गाडी कुठी ठेवली?” धम्मचक्र दिनापासून चौदा एप्रिलपर्यंत ती माझ्याकडे असते, त्यानंतर अकोल्यात नागसेनकडे.

किटच्या नकाशात बॅटरी समोर, इंजिनाशेजारी दाखवली आहे. तो नकाशा कुठल्या तरी थंड देशात काढलेला. अकोल्याच्या मे महिन्यात सायलेन्सरच्या पाइपाजवळ बॅटरी ठेवली, की तिचे पाणी उडते आणि जूनमध्ये ती मेलेली असते. म्हणून मी ती डाव्या सीटच्या मागे, अगदी खाली नेली. पेटी बनवून घेतली, जाड केबल टाकली, केबल पत्र्यातून जाते तिथे रबर बसवले, फ्यूज दिला. एवढ्या हलक्या गाडीत बॅटरी कुठे आहे ते स्टिअरिंगला लगेच कळते. उजवीकडे चालवणारा आणि डावीकडे बॅटरी असली की गाडी शहाण्यासारखी चालते. नागसेनला हे पटले नाही. “ताई, नकाशात समोर हाय तं समोरच राहीन. तू करंट पाहा, गाडी मले पाहू दे.”

तेव्हापासून गाडी अकोल्याला पोचली की तो बॅटरी समोर घेतो, आणि इथे आली की मी ती मागे नेते. गाडीत दोन्हीकडे बोल्टची भोके आहेत. दर उन्हाळ्यात एक बॅटरी मरते आणि दोघांपैकी कोणी हटत नाही.

मात्र हे काम एकट्याने होत नाही. बोल्ट पत्र्याच्या आरपार जातात, तेव्हा एकाने वरून बोल्ट फिरवायचा आणि दुसऱ्याने खाली निजून नट धरायचा. त्यामुळे एप्रिलमध्ये मी गाडीसोबत अकोल्याला जाते आणि धम्मचक्र दिनाला तो इकडे येतो. अख्खा दिवस आम्ही भांडत त्या गाडीला चिकटून असतो. आई गेल्यापासून आमची गाठ एरवी पडत नाही. वर्षात मला हे दोन दिवस सगळ्यांत जास्त आवडतात. त्याला हे मी कधी सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहिते.

५. आता प्रणाली. तिने पाटबंधाऱ्याची पक्की नोकरी सोडली आणि बडनेरा रोडला इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे दुकान टाकले. नागसेन पेटला. “पोरीच्या हाताले ग्रीस लागू नये म्हून मी जनमभर लेथवर उभा राह्यलो. अन् हे आपल्या हातानं ग्रीस फासून राहिली!” मी म्हटले, तुला ग्रीस एवढे वाईट वाटते तर माझ्यासोबत गाडी कशाला बांधलीस? तो म्हणाला, “तुले लेकरू नाही ताई, तुले नाही समजत.” ते मला लागले. अजून लागते. पण त्याच्या जागी तो काय बोलत होता, तेही मला समजले.

अकोल्याकडून येताना त्याला तिच्या दुकानासमोरूनच यावे लागते. तिथे तो गाडीचा वेग वाढवतो आणि मान वळवत नाही. प्रणाली आवाज ओळखते आणि मला फोन करते, “आत्या, बाबा येऊन राहिले. चहा ठेव.” या एका फोनवरून मला कळते की यांच्यात अजून सगळे तुटलेले नाही. पण मी नसले तर तो फोन ती कोणाला करेल? ऑपरेशनची नाही, मला या गोष्टीची भीती वाटते.

मागे तीच मला म्हणाली, “आत्या, आता नारळाएवढी बॅटरी भेटते. मांगं ठेव का समोर, काही फरक नाही पडत. भांडणच मिटते.” मी तिला त्या दिवशी उगाच रागावले. भांडण मिटले तर नागसेन अमरावतीला कशाला येईल?

६. सबब ही गाडी मी नागसेन आणि प्रणाली यांना मिळून देते. कोणालाही ती एकट्याने विकता येणार नाही. नागसेन हयात आहे तोवर बॅटरी जुन्या धाटणीची, वजनदारच राहील. अकोल्यात तो म्हणेल तिथे, अमरावतीत प्रणाली म्हणेल तिथे. माझा मीटर आणि केबलची टोके दाबायचे हत्यार प्रणालीला द्यावे. त्या बोल्टना लागणारे तेरा नंबरचे पाने माझ्याकडे दोन आहेत. एक पाना नागसेनला आणि एक प्रणालीला द्यावा. ते दोन्ही एका पेटीत ठेवू नयेत.

७. या सगळ्याची अंमलबजावणी ॲड. गोपाल मोहोड यांनी करावी. सहावे कलम मात्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. वकीलसाहेब वाचून म्हणाले, “ताई, मृत्युपत्र मानूस गेल्यावरच लागू होते. हे याच्यात बसत नाही.” मी म्हटले, आम्ही न बसणाऱ्या बऱ्याच गोष्टी बसवल्या आहेत.

येत्या धम्मचक्र दिनाला नागसेन गाडी घेऊन येईल. तोवर मी गेलेली असेन किंवा खाटेवर पडून असेन, दोन्हींत मला गाडीखाली निजता येणार नाही. त्याचे गुडघे गेले आहेत, तोही निजू शकत नाही. खाली प्रणाली जाईल. वरच्या माणसाने सांगितल्याशिवाय खालच्याने नट धरायचा नसतो, त्यामुळे आधी त्यालाच बोलावे लागेल. मला तो दरवर्षी एकच शब्द म्हणतो, “धर.” तिलाही तेवढाच म्हणेल. खालून “धरला, बाबा” असे ऐकू आले, की माझी इस्टेट ज्याची त्याला पोचली असे समजावे.

सही
माधवी किसनराव खंडारे

माधवीताईंनी हे आम्हांला वाचून दाखवले आणि ओट्यावर बसून आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यादेखत सह्या केल्या.

साक्षीदार:
१. वर्षाली सुधाकर तायडे, शेजारी
२. पियुष रमेश सरदार, अभ्यासिकेचे व्यवस्थापक

स्थळ: अमरावती
दिनांक: २२ सप्टेंबर २०२५